मोसमकाठचे नामपूर



कांद्याच्या दिवसांत सकाळच्या वेळी नामपुरात येऊन पाहा. गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर दोन प्रकारची गर्दी दिसेल. एक गर्दी ट्रॅक्टरांची, कांदा भरून बाजार समितीकडे निघालेल्या. दुसरी गर्दी एसटीतून उतरणाऱ्या पोरापोरींची, वह्या छातीशी धरून शाळेकडे आणि कॉलेजाकडे निघालेल्या. पुष्कळदा ही माणसे एकाच घरातली असतात. बाप कांद्याच्या लिलावाला आलेला असतो आणि लेक तासाला आलेली असते. संध्याकाळी दोघेही एकाच वाटेने घरी जातात, तो भाव कसा लागला ते सांगतो, ती काय शिकवले ते सांगते.

नामपूर हे तालुक्याचे ठिकाण नाही. तालुका बागलाण आणि त्याचे ठाणे सटाणा. जिल्हा नाशिक, तोही पुष्कळ दूर. असे असूनही या गावात कला, विज्ञान आणि वाणिज्य शिकवणारे महाविद्यालय आहे. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण ही विद्या या गावापर्यंत यायला किती शतके लागली आणि ती कोणकोणत्या वाटांनी आली, हे पाहिले म्हणजे नवल वाटल्यावाचून राहत नाही. तीच हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. नामपूर वसले आहे मोसम नदीच्या काठी. पश्चिमेला सह्याद्रीत ही नदी उगम पावते. हरणबारी धरणातून निघून मुल्हेर, ताहाराबाद, जायखेडा अशी गावे घेत ती नामपुराला येते आणि पुढे मालेगावला गिरणेला मिळते. गिरणा तापीला जाते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. म्हणजे आपल्या शिवारातले पाणी शेवटी गुजरातच्या किनाऱ्याला लागते. जुन्या काळी व्यापारही याच बाजूने चाले. सुरतेचा माल दौलताबादेकडे जायचा तो बागलाणातून. वाटेवरच्या मुलखाला दोन गोष्टी मिळतात, पैसा आणि लढाया. बागलाणाला दोन्ही मिळाल्या.

या मुलखावर बागुल राजे राज्य करीत. त्यांची राजधानी मुल्हेर, जुने नाव मयूरगिरी. अकबराच्या दरबारी लिहिलेल्या 'ऐने-अकबरी'त बागलाणची नोंद आहे आणि इथल्या फळांची तारीफ आहे. त्या फळांत द्राक्षे आहेत आणि डाळिंबेही आहेत. आज डाळिंबाच्या बागेत उभे राहून 'हे पीक आमच्याकडे नवीनच आले' असे कोणी म्हणाले, तर त्याला सांगा, बाबा रे, चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या कारकुनांनीही याची नोंद करून ठेवली आहे.

त्याच काळात मुल्हेरला एक मोठे पुस्तक लिहिले गेले. राजा नारायणशहा याच्या आश्रयाला रुद्रकवी नावाचा पंडित होता. त्याने १५९६ साली 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' रचले. ते संस्कृतात आहे, वीस सर्गांचे आहे आणि त्यात बागुल राजांच्या घराण्याचा इतिहास गायिला आहे. म्हणजे नामपूरच्या वरच्या अंगाला, याच नदीकाठी, चारशे वर्षांपूर्वी महाकाव्य लिहिण्याइतकी विद्या नांदत होती.

पण मित्रहो, आता असा विचार करा. हे काव्य वाचणार कोण? राजा, पुरोहित आणि दरबारातले चार पंडित. मोसमकाठी गहू पेरणारा कुणबी, डोंगरातला कोकणा, रानातला भिल्ल, यांच्यापर्यंत त्यातले एक अक्षरही आले नाही. विद्या होती, पण ती गडावर होती. नदीबरोबर ती खाली वाहत आली नाही.

पुढे राज्यही राहिले नाही. १६३८ साली औरंगजेबाच्या सुभेदारीत मोगलांनी मुल्हेर घेतले आणि बागुलांची सत्ता संपली. १६७१ साली शिवाजी महाराजांच्या सैन्याने साल्हेर जिंकला. समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंच असलेला हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. सूर्यराव काकडे त्या लढाईत पडले. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत आपला साल्हेर आहे. शिक्षकांनी मुलांना तिथे अवश्य न्यावे. पण नेताना मुलांना हेही सांगावे, की गडावर राजे बदलत होते तेव्हा खाली नदीकाठी एक वेगळाच कारभार शांतपणे चालू होता. त्याला लिहिणारा कवी मिळाला नाही, एवढेच.

तो कारभार म्हणजे फड.

मोसम, आरम, गिरणा, पांझरा, कान या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्या पाटावर फडपद्धती निदान तीनशे वर्षे चालत आली. जुन्या शेतकऱ्यांना ती ठाऊक आहे, पण नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. बंधाऱ्याखाली भिजणारी जमीन तीन किंवा चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे. या फडात ऊस, तर त्या फडात गहू, पलीकडच्यात बाजरी. दरसाल पिकांची अदलाबदल व्हायची, म्हणजे जमिनीचा कस टिकायचा. आणि साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची.

यातली खुबी ध्यानात घ्या. पाऊस कमी झाला तर पंच बसून ठरवीत की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. तो कोरडा राहिला की सगळ्यांचेच थोडे थोडे नुकसान व्हायचे, एकट्यादुकट्याचा संसार बुडायचा नाही. पाणी द्यायला पाटकरी नेमलेला असे. आपल्या शेताचे दार मालकाने स्वतः उघडायचे नाही, ते काम पाटकऱ्याचे. श्रीमंत असो, गरीब असो, पाळी आली की पाणी, पाळी संपली की बंद. पिकाच्या राखणीला जागल्या. त्यांची मजुरी धान्याच्या रूपात. पाट साफ करायला घरटी माणूस. हे सगळे कायद्याच्या पुस्तकावाचून चालले. पाण्याचे गणित होते, पिकांचे शास्त्र होते, न्यायही होता. फक्त कागद नव्हता.

म्हणून मला वाटते, बागलाणात पूर्वीपासून दोन विद्या होत्या. एक मुल्हेरच्या दरबारात, पोथीत लिहिलेली. दुसरी मोसमच्या पाटावर, माणसांच्या तोंडी असलेली. पोथीला पाट ठाऊक नव्हता आणि पाटाला पोथी ठाऊक नव्हती. या दोघींची गाठ पडायला फार वेळ लागला.

१८१८ साली इंग्रजी अंमल आला. बागलाण तेव्हा खानदेशात मोडत असे. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा तो नाशिकला जोडला गेला. विद्या आता गडावरून उतरली, पण आली कुठे, तर तालुक्याच्या कचेरीत. कागद, मोहोर, वसुली. रयतेला लेखणीची भीतीच वाटायची, कारण लेखणी यायची ती सारा मागायला. याला एक मोठा अपवाद सटाण्याला झाला. यशवंतराव भोसेकर हे तिथले मामलेदार. दुष्काळात लोक उपाशी मरू लागले तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून वाटला, ही हकीकत बागलाणात आजही घरोघर सांगतात. लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. १८८७ साली ते गेले, पण त्यांची यात्रा अजून दरसाल भरते. या प्रांतात कितीतरी राजे होऊन गेले, पण यात्रा भरते ती एका मामलेदाराची. हातातली लेखणी रयतेसाठी झिजवणाऱ्याला लोक विसरत नाहीत, हाच त्याचा अर्थ.

आता जरा मालेगावकडे वळू. मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तिथल्या गायकवाडांच्या शेतकरी घरात १८६३ साली गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. बडोद्याच्या गादीला वारस हवा होता. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, या मुलाची निवड झाली. तोवर त्याला लिहितावाचता येत नव्हते असे सांगतात. तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. बारा वर्षे अक्षरावाचून काढलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सबंध राज्याला लागू केले. याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले.

आणि गंमत पाहा. मुल्हेरचे ते महाकाव्य, जे तीनशे वर्षे पोथीतच पडून होते, ते छापले कोणी? बडोद्याने. सयाजीरावांच्या राज्यात 'गायकवाड प्राच्य ग्रंथमाला' निघाली आणि तिच्यात १९१७ साली 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' प्रसिद्ध झाले. बागलाणच्या राजाच्या पदरी लिहिलेली पोथी, शेजारच्या खेड्यातून गेलेल्या कुणब्याच्या पोराच्या राज्यात छापली गेली आणि कोणालाही वाचता येईल अशी झाली. गडावरची विद्या खाली उतरल्याची मला तरी याहून चांगली खूण सापडत नाही.

मात्र प्रत्येक खेड्यातल्या मुलाला गादी मिळत नसते. त्याच्यासाठी शाळा लागते, आणि शाळा दूर असली तर राहायला वसतिगृह लागते. नाशिक जिल्ह्यात हे काम शेतकऱ्यांच्या पोरांनीच अंगावर घेतले. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. रावसाहेब थोरातांसारखी माणसे गावोगाव हिंडली. १९२० साली छत्रपती शाहू महाराजांनी नाशिकात येऊन उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवली. पुढे भाऊसाहेब हिरे पुढे आले. मुंबई राज्याचे ते महसूलमंत्री होते आणि कूळकायद्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. कसणाऱ्याला जमीन मिळावी हा एक ध्यास आणि कसणाऱ्याच्या पोराला शाळा मिळावी हा दुसरा. त्यांनी १९५२ साली महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था काढली.

कॉलेज मात्र अजून दूरच होते. नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज १९२४ साली निघाले. मोसमकाठच्या पोराला तिथे शिकायचे म्हणजे घर सोडणे आले, खाणावळ आली, खोलीचे भाडे आले. १९५९ साली मालेगावला कॉलेज झाले आणि त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव गायकवाडांचे. कवळाण्याचा पोरगा असा फिरून आपल्या तालुक्यात आला म्हणायचा. त्यानंतर सटाण्याला कॉलेज झाले, आणि कालांतराने महात्मा गांधी विद्यामंदिराचे महाविद्यालय नामपुरातच उभे राहिले.

कोणी म्हणेल, मालेगाव काय आणि नामपूर काय, बसने तासाभराचा तर रस्ता! पुरुषाला तो तासाभराचा असतो. मुलीला तोच रस्ता पुष्कळदा सबंध आयुष्याएवढा लांब पडतो. 'बारावी झाली, आता पुरे. रोज मालेगावला कोण पाठवणार?' हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल, ते शिक्षक मित्रांना मी सांगायला नको. कॉलेज दहा मैल जवळ आले की ते वाक्य बदलते. 'नामपूरलाच तर जायचं आहे, जाऊ द्या,' असे आजी म्हणते. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला त्यानेही हेच केले. आपल्याकडे विद्येचे अंतर कोसात मोजून भागत नाही, घरच्यांच्या जिवाची घालमेल किती होते त्यावरून ते मोजावे लागते.

जगात काही गावे कॉलेजाभोवती वाढली. अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल नावाचे गाव आहे. तिथे आधी विद्यापीठ निघाले, १७९५ साली, आणि त्याच्याभोवती गाव वसले. पहिला विद्यार्थी दीडशेहून अधिक मैल पायी चालत आला आणि दोन आठवडे तो एकटाच विद्यार्थी होता, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. आपल्या नामपुराचे उलटे आहे. इथे आधी नदी, मग शेत, मग बाजार आणि सर्वांत शेवटी कॉलेज. तिथे विद्यार्थ्यांसाठी दुकाने आली, इथे दुकानांच्या गावात विद्यार्थी आले. म्हणून नामपूरचा स्वभावही वेगळा आहे. इथला विद्यार्थी सुट्टीत घरी जात नाही, तो रोजच घरी जातो. परीक्षेचा अभ्यास आणि कांद्याची काढणी एकाच महिन्यात येते. पोराच्या डोक्यात अर्थशास्त्राचा धडा असतो आणि चाळीत साठवलेला कांदा कधी काढावा ही काळजीही असते. खरे म्हणजे दोन्ही एकच विषय आहेत, मागणी आणि पुरवठा! तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा गेल्या, तेव्हा त्याचा फटका बागेइतकाच कॉलेजच्या फीलाही बसला असेल.

आता भाषेबद्दल दोन शब्द, आणि हे खास शिक्षकांसाठी. या भागातल्या घराघरांत अहिराणी बोलतात. पोरगी घरी 'तुनं नाव काय शे?' असे विचारते आणि वर्गात 'तुझं नाव काय आहे?' असे लिहिते. ग्रीअर्सन साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा १९०७ साली निघालेल्या खंडात त्याने खानदेशी बोलीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या सोबत निराळी जागा दिली. त्याचे वर्गीकरण बरोबर की चूक, यावर पंडित वाद घालोत. आपण एवढेच घ्यावे, की ही बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. तिला तिचे व्याकरण आहे, म्हणी आहेत, ओव्या आहेत. वर्गात एखाद्याच्या तोंडून अहिराणी शब्द निघाला आणि बाकीची पोरे हसली, तर त्या दिवशी तो पोरगा एक गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे गप्प बसणे. प्रमाण मराठी त्याला जरूर शिकवा, तिच्यावाचून त्याचे पुढे चालणार नाही. पण घरची भाषा उंबरठ्याबाहेर काढून ठेव, असे त्याला सांगू नका.

हे मी एवढ्या कळकळीने का सांगतो? कारण त्या भाषेतच ती दुसरी विद्या साठवलेली आहे. विहिरी वाढल्या, मोटारी बसल्या, धरणाचे कालवे आले, ज्याचे त्याला पाणी झाले आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. ज्यांनी पाटकऱ्याची पाळी पाहिली ती माणसे आता थकली आहेत. एक विद्या पुढच्या दाराने घरात येते आहे आणि त्याच वेळी दुसरी परसदाराने निघून चालली आहे. ज्या पिढीला वाचता आले नाही तिच्याजवळ पाणी वाटून घेण्याचे शहाणपण होते. ज्या पिढीला वाचता येते तिच्या शिवारात विंधनविहिरी खोल खोल चालल्या आहेत. दोघांची गाठ आज पडली नाही तर पुन्हा पडायची नाही.

मुल्हेरच्या राजाला कवी मिळाला म्हणून त्याचे घराणे आपल्याला ठाऊक आहे. मोसमच्या पाटकऱ्याला मिळाला नाही. पण आता मिळू शकतो. नामपुरात रोज सकाळी एसटीतून उतरणाऱ्या त्या पोरापोरींच्या हातात वही आहे आणि घरी आजा आहे. शिक्षक मित्रहो, या सुट्टीत एवढेच करा. प्रत्येकाला सांगा, की आपल्या गावचा बंधारा कोणता, फड किती होते, त्यांची नावे काय, पाळी कशी ठरायची, भांडण झाले तर कोण मिटवायचे, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आण. अहिराणीत सांगितले तर अहिराणीतच लिही. आज्ज्यांना विचारायला विसरू नका, पाणी त्यांनीच जास्त वाहिले आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. लिलाव आटोपून घरी जाल तेव्हा लेकीला भाव तर सांगालच. पण तिने वही पुढे केली, तर थोडा वेळ बसा आणि पाटाची गोष्टही सांगा. 'हे काय लिहायचं असतं का?' असे म्हणू नका. लिहायचे असते ते हेच. गडावरच्या राजाचे लिहून झाले, आता गावाचे लिहायचे राहिले आहे.